कोणी काढला ते कळलं की जास्त हसू येतं: प्रेलिंगर संग्रहाबद्दल

आर्काइव्ह डॉट ऑर्ग ही साइट आपल्याकडे बऱ्याच जणांना जुन्या मराठी पुस्तकांच्या स्कॅनमुळे माहीत असते. मीही तिथे पुस्तकंच शोधायला जायचे. त्याच साइटवर ‘प्रेलिंगर आर्काइव्हज’ नावाचा सिनेमांचा संग्रह आहे आणि गमतीदार, चमत्कारिक व्हिडिओ एकमेकांना पाठवायची हौस असलेल्या प्रत्येकाला मी तो सांगत सुटले आहे. पैसे लागत नाहीत, मध्ये जाहिरात येत नाही, नुसतं बघायचं असेल तर खातंही उघडावं लागत नाही.

रिक प्रेलिंगर या गृहस्थांनी 1982 मध्ये न्यूयॉर्कला हा संग्रह सुरू केला. जमवलं काय, तर कुणी जपून ठेवायच्या लायकीचे मानत नव्हतं असे सिनेमे. मोटार कंपन्यांनी आपला माल खपावा म्हणून काढलेले, शाळेतल्या मुलांना वळण लागावं म्हणून काढलेले, अणुबॉम्ब पडला तर काय करायचं हे सांगायला सरकारने काढलेले. काम झालं की डबे अडगळीत. 2002 मध्ये लायब्ररी ऑफ काँग्रेस या अमेरिकेच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने यातल्या सुमारे 60,000 फिल्म घेतल्या, आणि हजारो फिल्म या साइटवर सगळ्यांसाठी खुल्या आहेत.

मी नववीला विज्ञान शिकवते, त्यामुळे माझी सर्वात लाडकी फिल्म ‘अ केस ऑफ स्प्रिंग फीव्हर’ असणार यात नवल नाही. 1940 सालची, जेमतेम आठ-नऊ मिनिटांची. सोफ्याच्या स्प्रिंगा बसवता बसवता वैतागलेला एक माणूस म्हणतो, पुन्हा जन्मात स्प्रिंग दिसली नाही तर बरं! लगेच एक कार्टूनमधलं भूत प्रकट होतं, कॉइली नावाचं, अंगाने स्प्रिंगसारखंच वेटोळं, आणि तथास्तु म्हणतं. मग घड्याळ बंद. फोनची तबकडी फिरवली तर परत येत नाही. गाडीत बसावं तर पेडल दाबलेलं वर येईना. प्रत्येक वेळी ते भूत नाचत ओरडतं, ‘नो स्प्रिंग्ज!’ शेवटी बिचारा हात जोडतो, स्प्रिंगा परत मिळतात, आणि मग हा इसम मित्रांना स्प्रिंगेचे गुण सांगून सांगून पिळून काढतो.

‘कार्य आणि ऊर्जा’ हा पाठ सुरू करण्याआधी मी ही वर्गात लावते. घड्याळाला चावी दिली की ऊर्जा कुठे साठते, हे मग मुलंच मला सांगतात. आणि ‘नो स्प्रिंग्ज’ पुढे आठवडाभर व्हरांड्यात ऐकू येत राहतं. पण खरी गंमत मी फिल्म संपल्यावर सांगते: ही शेव्हरोले मोटार कंपनीसाठी काढलेली आहे. एवढा खटाटोप मोटारीतल्या स्प्रिंगांसाठी! तेव्हा वर्ग दुसऱ्यांदा हसतो, आणि ते हसू पहिल्यापेक्षा मोठं असतं.

मला या संग्रहाचं मोल वाटतं ते इथेच. मोबाइलवर फिरणाऱ्या क्लिपला डोकं नसतं, शेपूट नसतं. कुठल्या देशातली, कधीची, खरी की रचलेली, काही पत्ता नाही. इथे बहुतेक फिल्मच्या पानावर साल, काढणारा आणि पुष्कळदा पैसे देणाराही लिहिलेला असतो. 1954 ची ‘द हाउस इन द मिडल’ घ्या. अमेरिकेतल्या नेवाडाच्या वाळवंटात अणुचाचणीच्या समोर तीन छोटी घरं उभी केली आहेत. कडेच्या दोन घरांना रंग नाही, कचरा साचलेला, ती भडकून पेटतात. मधलं स्वच्छ, रंगवलेलं, ते टिकतं. तात्पर्य, अणुबॉम्बपासून वाचायचं तर घर झाडा आणि रंग लावा. आता पानावर नजर टाका: सरकारच्या नागरी संरक्षण खात्याबरोबर ही काढणारी संस्था रंग आणि वॉर्निश उत्पादकांच्या संघटनेची होती. घरच्या ग्रुपवर ही टाकली तेव्हा आमचे भाऊजी, ज्यांचं स्वतःचं हार्डवेअरचं दुकान आहे, त्यांनी फक्त लिहिलं, ‘धंदा करावा तर असा.’

1950 ची ‘अ डेट विथ युवर फॅमिली’ मी फक्त बायकांच्या ग्रुपवर पाठवली. घरातल्या पुरुषांसाठी बायकांनी जेवणाआधी कपडे बदलून ताजंतवानं दिसावं असा त्यात उपदेश आहे. त्या रात्री मोबाइल उशिरापर्यंत वाजत होता. आत्याचा निरोप सर्वात लांब.

हसण्याच्या पलीकडचंही इथे पुष्कळ आहे. ‘अ ट्रिप डाउन मार्केट स्ट्रीट’मध्ये माइल्स बंधूंनी सॅन फ्रान्सिस्कोच्या केबल कारवर (म्हणजे रुळांवरून तारेने ओढल्या जाणाऱ्या ट्रामवर) कॅमेरा बसवून अख्खा रस्ता टिपला. घोडागाड्या, सायकली, रुळांवरून बिनधास्त पळणारी पोरं. नीट बघितलं तर त्याच त्या मोटारी पुन्हा पुन्हा कॅमेऱ्यापुढे येतात. रस्ता गजबजलेला वाटावा म्हणून त्या वळसा घालून परत येत होत्या. ही फिल्म 1905 ची समजत. मग मोटारींचे नंबर आणि रस्त्यावरची डबकी यांचा माग काढून एका इतिहासकाराने ती एप्रिल 1906 ची ठरवली. 18 एप्रिलला भूकंप आणि आगीने ते शहर जमीनदोस्त केलं, म्हणजे त्याच्या अवघे काही दिवस आधीची. हे कळल्यावर त्या पळणाऱ्या पोरांकडे आधीसारखं बघवत नाही. ही मात्र मी ‘बघा गंमत’ असं लिहून कधीच पाठवत नाही.

पाठवणाऱ्याच्या दृष्टीने सोय उत्तम. डाउनलोडची यादी पानावरच असते आणि एमपी4 उतरवून घेतली की नेट नसलेल्या वर्गातही चालते. हक्कांचीही फारशी धास्ती नाही. 1964 च्या आधी अमेरिकेत निघालेल्या फिल्मचा कॉपीराइट 28 वर्षांनी नव्याने नोंदवावा लागे, आणि असल्या कामापुरत्या फिल्मसाठी ते कष्ट बऱ्याचदा कुणी घेतलेच नाहीत. त्यामुळे यातलं बरंचसं सार्वजनिक मालकीचं आहे. तरी प्रत्येक पानावरची हक्कांची ओळ वाचावी. ग्रुपवर मात्र फाइलऐवजी लिंकच पाठवा, म्हणजे माहितीही सोबत जाते.

उणिवा आहेत. सगळं इंग्रजीत, तेही जुन्या धाटणीचं आणि भरभर बोललेलं, मराठी उपशीर्षकांचं नाव नाही. मी दोन-चार ओळी मराठीत लिहून मगच पुढे पाठवते, तेवढ्याने घरचे शेवटपर्यंत बघतात. शोधणंही सोपं नाही. नाव माहीत नसेल तर साल किंवा लोकप्रियतेनुसार क्रम लावून चाळत बसावं लागतं. आणि त्या काळचे काळ्या लोकांबद्दलचे, बायकांबद्दलचे ग्रह जसेच्या तसे आहेत, तेव्हा मुलांना दाखवण्याआधी स्वतः पूर्ण बघून घ्यावं.

ऑक्टोबर 2024 मध्ये या साइटवर सायबर हल्ला झाला. 3 कोटींहून अधिक खात्यांची माहिती फुटली आणि साइट काही दिवस बंदच होती. देणग्यांवर चालणारी ना-नफा संस्था आहे, कायमची हमी कोण देणार? म्हणून आवडलेली फिल्म उतरवून ठेवा, खातं उघडलंत तर पासवर्ड वेगळा ठेवा, आणि ऐपतीप्रमाणे देणगी द्या. मी देते.

नव्याने जाणाऱ्यांनी सुरुवात कॉइलीपासून करावी. त्यानंतर ‘डक अँड कव्हर’ बघा: बॉम्ब पडला की बाकाखाली शिरा, असं बर्ट नावाचं कासव शाळकरी मुलांना शिकवतं. माझ्या वर्गातल्या एका मुलीने ती बघून विचारलं, ‘बाई, त्यांच्या मोठ्या माणसांना हे खरंच पटलं होतं?’ यावर आमचा उरलेला तास गेला.