इंड एएस पॅकेज: भाड्याच्या हिशोबात चोख, निर्यातीच्या बिलात ढिलं

इंड एएस (आंतरराष्ट्रीय धर्तीवरची नवी भारतीय लेखा-मानकं) म्हणजे बालाजी अमाइन्स, प्रिसिजन कॅमशाफ्ट्स अशा शेअर बाजारातल्या कंपन्यांची डोकेदुखी, असा सोलापुरात सर्रास समज आहे. तो अर्धाच खरा. शेअर बाजारात नसलेल्या (अनलिस्टेड) कंपनीची नेटवर्थ (भांडवल अधिक राखीव निधी) २५० कोटींवर गेली, किंवा एखाद्या लिस्टेड कंपनीने भागभांडवल घेऊन तिला असोसिएट (सहयोगी कंपनी) केलं, की तिलाही हेच नियम लागतात. एकदा लागले की परत जुन्या एएसकडे (आधीच्या लेखा-मानकांकडे) वळता येत नाही. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल निर्यातदार कंपनीवर असोसिएट झाल्यामुळे ही पाळी आली आणि तिने बाहेरगावच्या सल्लागार फर्मचं इंड एएसकडे वळण्याचं तयार पॅकेज घेतलं. परीक्षण त्या पॅकेजचं आहे. दोघांचीही नावं मुद्दाम दिलेली नाहीत.

सुरुवात फर्मने नीट केली. पहिलं इंड एएस वर्ष २०२५-२६, म्हणजे संक्रमणाची तारीख १ एप्रिल २०२४. आरंभीचा ताळेबंद त्या तारखेचा लागतो, २०२५ चा नाही. अनेकांची गाडी इथेच चुकते. इमारत-यंत्रांना जुन्या पुस्तकातलीच किंमत ‘डीम्ड कॉस्ट’ म्हणून पुढे नेण्याची सवलत घेतली. मूल्यांकनाचा खर्च वाचला, निर्णय योग्य.

पॅकेजचा सर्वांत चांगला भाग म्हणजे इंड एएस ११६ (भाडेकरारांचं मानक) ची एक्सेल शीट. गोडाऊनचं भाडं महिना १ लाख, करार ५ वर्षांचा, व्याजदर ९ टक्के धरू. भाडं महिनाअखेर दिलं तर पहिल्या दिवशी ताळेबंदात पुढच्या सगळ्या भाड्याची आजची किंमत म्हणून ४८,१७,३३७ रुपयांचं देणं उभं राहतं. भाडं १२ लाखच जातं, पण पहिल्या वर्षी नफा-तोट्यात घसारा ९.६३ लाख आणि व्याज ४.०१ लाख, मिळून १३.६४ लाख बसतात. शेवटच्या वर्षी तोच आकडा १०.२० लाखांवर येतो. आता खोच अशी की आपल्याकडे गोडाऊनचं भाडं बहुधा महिन्याच्या सुरुवातीला आगाऊ जातं. मग वापर-हक्काची मालमत्ता (भाड्याची जागा वापरण्याच्या हक्काची ताळेबंदातली किंमत) सुमारे ३६ हजारांनी वाढते. शीटमध्ये त्यासाठी वेगळा स्विच आहे, हे विशेष. ज्याचं क्रेडिट मिळतं तो जीएसटी बाहेर ठेवलाय. ६ लाखांचं बिनव्याजी डिपॉझिटही सोडलेलं नाही: त्याची आजची किंमत ३.८३ लाख, उरलेले २.१७ लाख वापर-हक्काच्या मालमत्तेत. एमआयडीसीचा ९५ वर्षांचा प्लॉटही ‘लीजहोल्ड लँड’मधून उचलून याच सदरात टाकलाय.

घोळ ११ महिन्यांच्या लीव्ह अँड लायसन्सपासून सुरू होतो. फर्मने असे सगळे करार ‘१२ महिन्यांच्या आतले’ म्हणून सरसकट सवलतीत टाकले, म्हणजे ताळेबंदाबाहेर ठेवले. कामगारांच्या खोल्यांसाठी ते ठीक. पण ज्या शेडमध्ये पाया घालून लूम बसवलेत, वीजजोडणीवर खर्च झालाय, ती शेड कंपनी ११ महिन्यांनी सोडणार हे ऑडिटर कसं मान्य करेल? अशा ठिकाणी कागदावरची मुदत पुरत नाही. नूतनीकरणाचा हक्क आणि सोडून जाण्याचा खरा तोटा, दोन्ही तपासून प्रत्येक कराराची नोंद लेखी ठेवावी लागते. शिवाय सगळ्या करारांना सीसी (कॅश क्रेडिट) खात्याचा एकच व्याजदर लावलाय. मुदत आणि तारण पाहून दर ठरतो. बँकेकडून मुदत कर्जाच्या दराचं पत्र घेतलं असतं तर काम झालं असतं.

निर्यातीत मात्र पॅकेज सपशेल कमी पडतं. कंटेनर २८ मार्चला सोलापुरातून न्हावाशेवाला निघाला, जीएसटी बिल त्याच दिवशीचं, आणि बिल ऑफ लेडिंग (माल जहाजावर चढल्याचा कागद) ३ एप्रिलचं. सौदा एफओबी (जहाजावर चढेपर्यंतचा खर्च विक्रेत्याचा) किंवा सीआयएफ (पुढचं जहाजभाडं आणि विमाही विक्रेत्याचा) असेल तर मालाचा ताबा जहाजावर चढल्यावर जातो. म्हणजे ही विक्री पुढच्या वर्षाची आणि ३१ मार्चला माल स्टॉकमध्ये, लागत किमतीला. (जुन्या एएस ९ मध्येही गेटवर विक्री धरणं बरोबर नव्हतंच, चालून जायचं इतकंच.) सीआयएफमध्ये पुढचं जहाजभाडं आणि विमा ही वेगळी सेवा ठरते का, हेही पाहावं लागतं. फर्मच्या अहवालात इंड एएस ११५ (विक्री कधी धरायची याचं मानक) वर पानंच्या पानं आहेत, पण मार्चअखेरच्या बिलांची बिल ऑफ लेडिंगशी जुळणी करणारं साधं पत्रक नाही. जीएसटीआर-१ (जीएसटीचं विक्रीचं विवरणपत्र) मध्ये मार्च, पुस्तकात एप्रिल, हा फरक ९सी (पुस्तकं आणि जीएसटी यांचा वार्षिक ताळमेळ) भरताना अंगावर येतो.

येण्यांच्या (ग्राहकांकडच्या उधारीच्या) अपेक्षित तोट्याचा तक्ता ठीकठाक. डिफर्ड टॅक्सही (पुस्तकं आणि आयकर यांतल्या फरकामुळे पुढे जाणारा कर) बरोबर. आयकरात भाडं पूर्वीसारखंच वजा होत असल्याने तो निघणारच.

बँकेबद्दल अहवालात चकार शब्द नाही. भाड्याचं देणं कर्जाच्या बाजूला दिसलं की कर्ज-भांडवल गुणोत्तर बिघडतं, एबिटा (व्याज, कर आणि घसारा वजा होण्याआधीचा नफा) मात्र फुगतो. सीएमए डेटा (कर्जासाठी बँकेला द्यायचे आकडे) देण्याआधी जुन्या-नव्या आकड्यांचा एक पानी ताळमेळ बँक मॅनेजरला दाखवायला हवा.

पाचपैकी तीन गुण. घ्यायचंच असेल तर लॉक केलेली शीट किंवा नुसती पीडीएफ घेऊ नका, सूत्रं उघडी असलेली फाइल मागा. आणि तुमच्या अकाउंटंटने एका महिन्याच्या नोंदी फर्मच्या मदतीशिवाय टाकेपर्यंत फीचा शेवटचा हप्ता हातात ठेवा.