सागाच्या वलयांतून अळीचा माग : इन्क्रिमेंट बोररचे परीक्षण

इन्क्रिमेंट बोरर म्हणजे पोकळ पात्याचे, हाताने फिरवायचे गिरमिट. छातीइतक्या उंचीवर ते खोडाच्या मध्याकडे फिरवत नेले, की सुमारे पाच मिलिमीटर जाडीची लाकडाची कांडी हाती येते आणि झाड न तोडता त्याची वार्षिक वलये मोजता येतात. पाने खाणाऱ्या अळ्यांमुळे सागाची वाढ किती खुंटली हे या साधनाने कितपत कळते, एवढ्यापुरतेच हे परीक्षण आहे.

विकत घेताना आधी आटे पाहावेत. तीन आट्यांचे पाते दर फेऱ्याला अधिक आत शिरते आणि म्हणूनच मऊ लाकडासाठी बरे. साग, ऐन अशा कठीण लाकडात दोन आट्यांचे पाते घेतल्यास जोर कमी लागतो. पात्याला मधमाश्यांचे मेण चोळून सुरुवात करावी आणि कांडी निघताच ते उलटे फिरवून लगेच बाहेर काढावे, कारण थोडा वेळ जरी ते खोडात राहिले तरी लाकूड त्याला आवळून धरते. सागाच्या लाकडात सिलिका असते, त्यामुळे धार अपेक्षेपेक्षा लवकर बोथट होते आणि मग कांडी तुकड्यातुकड्यांनी निघते. धार लावण्याचा संच सोबत मिळत नसेल, तर ती खरेदी अर्धवटच समजावी.

कांडी लाकडी पट्टीच्या खाचेत चिकटवून बारीक पॉलिश पेपरने घासली, की सागाची वलये भिंगाखाली स्पष्ट दिसतात. वलयाच्या आरंभीची मोठी छिद्रे हा सागाचा मोठाच गुण. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील (आयआयटीएम) अभ्यासकांनी जुन्या मोसमी पावसाचा शोध घेण्यासाठी सागाची वलये वापरली, ती याच गुणामुळे.

किडीचे नुकसान मात्र इतक्या सरळपणे वाचता येत नाही. सागावर दोन प्रमुख पानखाऊ अळ्या येतात. पहिली, हिब्लिया प्युएरा, पावसाळ्याच्या तोंडाशी कोवळी पालवी फस्त करते. झाड सहसा मरत नाही, पण वाढीच्या ऐन दिवसांत त्याला पुन्हा पालवी फोडावी लागते. केरळ वन संशोधन संस्थेने निलांबूरच्या कोवळ्या सागलागवडीत केलेल्या प्रयोगात अळीपासून वाचवलेल्या झाडांची वार्षिक वाढ हेक्टरी ६.७ घनमीटर आली, तर न वाचवलेल्यांची ३.७, म्हणजे सुमारे ४४ टक्के वाढ अळीने गिळली. दुसरी अळी पानाच्या शिरा तेवढ्या ठेवून जाळी करते. जंगल तपकिरी पडते आणि पाहणाऱ्याचा जीव हळहळतो, परंतु ती हंगामाच्या उत्तरार्धात येत असल्याने तोवर त्या वर्षीची बरीचशी वाढ झालेली असते. डोळ्यांना जे नुकसान मोठे वाटते ते वलयात मोठे असेलच असे नाही, आणि हा फरक दाखवणे ही या साधनाची खरी कमाई आहे.

मर्यादा अशी, की अरुंद वलय कारण सांगत नाही. पावसाने दडी मारलेल्या वर्षीही वलय अरुंदच येते. अमेरिकेतील ओकच्या जंगलांत स्पाँजी मॉथ या पतंगाच्या पानखाऊ अळीच्या उद्रेकांचा अभ्यास करताना ही अळी ज्यांना तोंड लावत नाही अशा ॲशसारख्या झाडांची वलये तुलनेला घेता येतात; दोन्हींत आखडलेले वर्ष दुष्काळाचे, केवळ ओकमध्ये आखडलेले वर्ष किडीचे, असा तर्क करता येतो. आपल्याकडच्या एकट्या सागाच्या लागवडीत ही सोय नसल्याने निदान तालुक्याच्या पावसाच्या नोंदी हाताशी ठेवल्याशिवाय निष्कर्ष काढू नये. शिवाय सागात खोटी वलयेही, म्हणजे एकाच वर्षात पडलेली जादा वलये, आढळतात, म्हणून एका झाडाच्या दोन विरुद्ध बाजूंनी कांड्या घेणे आवश्यक आहे.

खोडाला पडणाऱ्या या भोकांनाच माझा मुख्य आक्षेप आहे. पाइनसारखी झाडे राळेने भोक बुजवतात. रुंदपर्णी झाडांत भोकाभोवतीचे लाकूड काळवंडण्याची आणि कुजण्याची शक्यता अधिक असते, तेही बुंध्याच्या सर्वांत किमती भागात. त्यामुळे संशोधक, वनविभागाचे कर्मचारी आणि वनशास्त्राची महाविद्यालये यांनी हे महागडे साधन अवश्य घ्यावे, मात्र सरकारी जंगलात परवानगीशिवाय ते चालवू नये. बांधावर किंवा शेतात साग लावलेल्याला माझा सल्ला वेगळा आहे: ठरावीक झाडांवर रंगाने खूण करून दर उन्हाळ्यात टेपने घेर मोजावा आणि अळी कोणत्या महिन्यात आली ते त्याच वहीत लिहावे.