आनापान, रोज १० मिनिटं: काही महिन्यांच्या वापरानंतर

घरी ध्यान सुरू करायचं असेल तर माझी पहिली शिफारस आनापानाची. मंत्र नाही, आकडे मोजणं नाही. नैसर्गिक श्वास आत येतोय, बाहेर जातोय, तेवढं जाणायचं. विपश्यना ही ध्यानपद्धती शिकवणारे आचार्य सत्यनारायण गोएंका यांच्या परंपरेत १० दिवसांच्या शिबिराची सुरुवात यानेच होते, आणि इगतपुरीच्या धम्मगिरी या विपश्यना केंद्रावर १९७६ पासून अशी शिबिरं चालू आहेत. पण शिबिराला जायच्या आधीही १० मिनिटांचं ‘मिनी आनापान’ हे ध्वनिमुद्रित मार्गदर्शन ऐकून सुरुवात करता येते. त्याला पैसे पडत नाहीत.

बरेच जण पहिल्या पंधरवड्यातच सोडतात, आणि दोष मनाला देतात. खरा घोटाळा बैठकीचा असतो. सपाट सतरंजीवर मांडी घातली की गुडघे कमरेच्या वर राहतात, पाठीला पोक येतो आणि पाचव्या मिनिटाला कंबर बोलायला लागते. कमरेखाली ४ ते ६ इंच उंची हवी. दोन जाड चादरी घट्ट घडी करून पुरतात. त्या घडीच्या पुढच्या कडेवर बसायचं, म्हणजे ओटीपोट किंचित पुढे झुकतं आणि पाठ आपोआप सरळ राहते. मऊ फोमची उशी घेऊ नका, ती दबते. कापसाची चांगली, पण काही महिन्यांत तीही चपटी होते; मग कापूस पिंजून घ्यायचा किंवा खाली आणखी एक घडी सारायची. पायाला मुंग्या येतात त्या बहुतेक वेळा नसेवर दाब आल्याने. उंची वाढवली की कमी होतात. गुडघे दुखत असतील तर सरळ खुर्ची घ्या, पावलं जमिनीला पूर्ण टेकलेली असू द्या. त्यात काही कमीपणा नाही.

लक्ष नाकपुड्यांच्या खाली आणि वरच्या ओठाच्या वर, एवढ्याशाच जागेवर ठेवायचं. बसताना वरचा पंखा बंद करा. वाऱ्याच्या झोताखाली श्वासाचा तो बारीक स्पर्श कळतच नाही, आणि माणूस समजतो आपल्याला जमत नाही. तरीही श्वास जाणवला नाही तर चार-पाच श्वास मुद्दाम जरा जोरात घ्यावेत, मग पुन्हा नैसर्गिक होऊ द्यावेत. मुद्दाम लांबवत राहिलात तर तो प्राणायाम झाला. ती वेगळी साधना. एका वेळी एकाच नाकपुडीतून जास्त हवा वाहते, हेही स्वाभाविक आहे. कपाळ जड झालं तर समजा जोर लागतोय. भुवया आणि जबडा सैल सोडा.

मन भरकटणारच. ‘गेलं होतं’ एवढं लक्षात आलं की परत श्वासावर यायचं, चिडचिड न करता. १० मिनिटांत हे पन्नासदा झालं तरी बैठक वाया गेली नाही, सराव नेमका तोच आहे. पेंग येत असेल तर डोळ्यांवर गार पाणी मारा किंवा मिनिटभर उभे राहा. जेवल्यावर लगेच बसू नका.

वेळ सकाळची, फोन हातात घेण्याआधीची. गजर लावून फोन विमान मोडवर, पालथा ठेवायचा. कुकरच्या शिट्ट्या आणि घंटागाडी चालू राहणारच, त्यांच्यासाठी वेळ पुढे ढकलू नका.

एक इशारा मात्र देतो. श्वासाकडे बघताना काही जणांची घाबरगुंडी वाढते. तसं झालं तर डोळे उघडा, लक्ष तळपायांवर आणा, आणि मनोविकाराचे उपचार चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारा. रक्तदाबाची गोळी यासाठी बंद करायची नाही. १० मिनिटं महिनाभर न चुकता झाली की ५ मिनिटं वाढवा. रविवारी एकदम तासभर बसण्यापेक्षा ते कितीतरी उपयोगी पडतं.