सागरी गुहांमधील कयाक सफर: गाईडच्या निर्णयाला पूर्ण गुण

सागरी गुहांमध्ये कयाक घेऊन जाणाऱ्या सफरींची पारख बहुतेक जण गुहांच्या सौंदर्यावरून करतात. मला ही सफर मनापासून आवडली ती मात्र ती चालवणाऱ्यांच्या जाणकारीमुळे. गुहा जागच्या जागी असते. आत केव्हा शिरायचे, किती वेळ थांबायचे आणि कोणत्या दिवशी मुळीच जायचे नाही, हे ठरवणारा माणूस कसा आहे यावर सगळे अवलंबून असते.

वेळ तुमच्या सोयीने मिळणार नाही, भरती-ओहोटी पाहून ठरेल, असे नोंदणीच्या वेळीच स्पष्ट सांगण्यात आले. भरतीची वेळ रोज सरासरी ५० मिनिटांनी पुढे सरकते, त्यामुळे बारा महिने एकाच ठरावीक वेळेला गुहेत नेण्याची हमी देणाऱ्या सेवेपासून चार हात लांब राहिलेले बरे. पाणी फार चढले की छताखाली डोक्यापुरतीही जागा उरत नाही आणि फार उतरले की तळाचे खडक कयाकला घासू लागतात. आमची फेरी अष्टमीच्या सुमारास, भांगाच्या दिवसांत ठेवली होती. उधाणाच्या मानाने या दिवसांत पाण्याची चढ-उतार बेताची असते.

किनाऱ्यावरचा सराव घाईत उरकला नाही, हे विशेष. कयाक वर बसण्याच्या, उघड्या प्रकारच्या होत्या. त्या उलटल्या तरी माणूस आत अडकत नाही आणि वर आलेले पाणी तळाच्या भोकांतून निघून जाते. तरीही प्रत्येकाला उथळ पाण्यात मुद्दाम पाडून पुन्हा वर चढायला लावले. वल्हे उभे धरले की पुढे या, डोक्यावर आडवे धरले की थांबा, तीन शिट्ट्या म्हणजे संकट, एवढ्याच खुणा होत्या; पण गुहेतल्या घुमणाऱ्या आवाजात ओरडलेले काहीच कळत नाही, तेव्हा त्यांचे मोल समजते.

पहिल्या गुहेपाशी गाईड एकटा आत जाऊन आला आणि मग बराच वेळ तोंडाशी नुसता समुद्राकडे पाहत थांबला. लाटा एकसारख्या येत नाहीत. काही लहान लाटांमागून मोठ्या लाटांचा जथा येतो. तो जथा गेल्यावरच त्याने आम्हाला एकेक करून आत घेतले आणि तेही उलटे, कयाकचे तोंड समुद्राकडे ठेवून, म्हणजे येणारी लाट दिसते आणि बाहेर पडायला फक्त पुढे वल्हवावे लागते. आत डोळे सरावल्यावर त्याने छताकडे बोट दाखवले. तोंडापासून थेट शेवटच्या टोकापर्यंत कातळात एकच भेग गेलेली होती. लाट अशा भेगेत हवा कोंडते, दाबलेली हवा भेग रुंदावत नेते आणि पाण्याबरोबर येणारी वाळू व गोटे दोन्ही बाजू घासत राहतात. पाण्यालगतचा कातळ हाताला गुळगुळीत लागत होता, तर थोड्या उंचीवर तोच खरखरीत होता. मागच्या कपारीत दर थोड्या वेळाने तोफेसारखा धमाका होऊन तुषार उडत होते, ते त्याच कोंडलेल्या हवेमुळे. एका कोपऱ्यात पाण्याखालच्या फटीतून ऊन येत होते. पाणी प्रकाशातला तांबडा रंग आधी शोषून घेते, म्हणून तिथले पाणी आतून उजळल्यासारखे निळे दिसत होते. इटलीतील काप्रीची निळी गुहा याच कारणासाठी प्रसिद्ध आहे.

सर्वांत मोठ्या गुहेत मात्र आम्हाला नेले नाही. बाहेरचे पाणी तर शांत वाटत होते, परंतु दोन लाटांमधला अवधी वाढला होता, आणि अशा लांब पल्ल्याच्या लाटा खुल्या समुद्रात सौम्य दिसल्या तरी उथळ, अरुंद जागेत शिरल्यावर अंगावर उसळतात. जाहिरातीत याच गुहेचे छायाचित्र असल्याने काही जण नाराज झाले, आग्रहही झाला; गाईडने शांतपणे कारण समजावले आणि निर्णय बदलला नाही. या एका नकारासाठी मी ही सेवा इतरांना सुचवीन.

उणिवाही आहेत. दोघांच्या कयाकमध्ये दिशा मुख्यतः मागचा माणूस सांभाळतो, त्यामुळे अनुभव आणि वजन पाहून जोड्या लावायला हव्या होत्या; इथे रांगेत जो पुढे आला त्याला बसवले, आणि एक जोडी सतत कातळाकडे सरकत राहिली. हेल्मेट काहींना सैल होते, आणि जिथे छत डोक्याला लागू शकते तिथे ही गोष्ट किरकोळ नव्हे. छायाचित्रातली गुहा समुद्राच्या स्थितीवर अवलंबून आहे, हे जाहिरातीतच लिहायला हवे.

पोहता येत नसले तरी लाइफ जॅकेटच्या आधाराने ही सफर जमते. पण खांद्याचे दुखणे असलेल्यांनी आणि बंद, अंधाऱ्या जागेची भीती वाटणाऱ्यांनी गुहांऐवजी खुल्या किनाऱ्याची फेरी घ्यावी. चपला नकोत, टाचेला घट्ट बसणारे, भिजले तरी चालतील असे बूट घालावेत. समुद्र खवळल्यामुळे फेरी रद्द झाली तर पैसे परत मिळतात की दुसरा दिवस, हे नोंदणी करण्यापूर्वीच विचारून घ्यावे.