गिंप ३.०: उभ्या गाडीला वेग देताना

जुलै महिन्यात ताम्हिणी घाटात एका मित्राच्या लाल हॅचबॅकचे छायाचित्र काढले. गाडी रस्त्याकडेला उभी होती, मित्र चालकाच्या जागेवर बसलेला होता आणि अलॉय व्हीलचा प्रत्येक आरा कोरल्यासारखा स्पष्ट आला होता. मित्राला मात्र तीच गाडी पावसात धावताना दिसायला हवी होती. घाटातल्या निसरड्या वळणावर उभे राहून धावत्या गाडीबरोबर कॅमेरा फिरवणे मला धोक्याचे वाटले, म्हणून तो वेग संगणकावर आणायचे ठरवले आणि त्यासाठी गिंप या छायाचित्र-संपादनाच्या सॉफ्टवेअरची ३.० ही आवृत्ती वापरली. गेले काही महिने मी गाड्यांच्या छायाचित्रांचे जवळजवळ सगळे काम याच सॉफ्टवेअरमध्ये करतो आहे, आणि हे परीक्षण त्याच एका कामापुरते आहे.

गिंपची सुरुवात १९९५ मध्ये बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या दोन विद्यार्थ्यांनी केली. ते मोफत आहे, मुक्त परवान्याखाली आहे आणि विंडोज, मॅक व लिनक्स या तिन्हींवर चालते. २.१० ही आवृत्ती एप्रिल २०१८ मध्ये आली होती. त्यानंतरची मोठी आवृत्ती, म्हणजे ३.०, मार्च २०२५ मध्ये आली. या दीर्घ प्रतीक्षेनंतर हाती आलेली सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे लेयरवर (चित्राच्या एकावर एक ठेवलेल्या थरांपैकी एकावर) लावलेला फिल्टर, म्हणजे चित्रावरचा परिणाम, आता त्या लेयरच्या पिक्सेलमध्ये लगेच विरघळून जात नाही. तो लेयरसोबत वेगळा राहतो, त्याचे आकडे पुन्हा उघडून बदलता येतात, तो तात्पुरता बंद ठेवता येतो आणि गिंपच्या स्वतःच्या एक्ससीएफ फाइलमध्ये तसाच जतनही होतो. पूर्वी ब्लर, म्हणजे धूसरपणा, थोडा जास्त झाला हे दुसऱ्या दिवशी लक्षात आले, तर मूळ प्रत शोधून सगळे काम पुन्हा करावे लागत असे. गाडीच्या छायाचित्रात ही सोय विशेष कामी येते, कारण येथे एक आकडा बदलला की दुसराही बदलावा लागतो.

हे आकड्यांचे नाते नीट समजून घेतले, तर चित्र खरे वाटण्याची निम्मी वाट सरते. समजा, गाडी ताशी ४० किलोमीटर वेगाने जात आहे आणि छायाचित्रकार रस्त्याकडेला उभा राहून सेकंदाच्या साठाव्या भागाचे शटर ठेवून कॅमेरा गाडीबरोबर फिरवत आहे. ताशी ४० किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे ११.१ मीटर, तेव्हा शटर उघडे असताना गाडी सुमारे १८.५ सेंटिमीटर पुढे जाते. माझ्या छायाचित्रात ६२ सेंटिमीटर व्यासाचे टायरसह चाक ६२० पिक्सेलचे आले होते, म्हणजे एका सेंटिमीटरला दहा पिक्सेल. म्हणून पार्श्वभूमीवर लिनिअर मोशन ब्लर (चित्र एका सरळ दिशेने ओढून धूसर करणारा फिल्टर) लावताना लांबी १८५ पिक्सेल ठेवली आणि कोन रस्त्याच्या रेषेला समांतर ठेवला. आता चाकाचा विचार करू. टायरची कडा शटरच्या त्याच काळात तेवढीच, म्हणजे १८५ पिक्सेल फिरली पाहिजे; चाकाची त्रिज्या ३१० पिक्सेल असल्यामुळे हे फिरणे सुमारे ३४ अंशांचे होते. सर्क्युलर मोशन ब्लरच्या, म्हणजे चित्र गोल फिरवून धूसर करणाऱ्या फिल्टरच्या, कोनासाठी हाच आकडा घ्यायचा. इंटरनेटवर दिसणाऱ्या बहुतेक बनवलेल्या चित्रांत मला नेमका येथेच घोळ आढळतो: मागची झाडे ताशी दीडशेच्या वेगाने पळत असतात आणि चाके मात्र गाडी पार्किंगमध्ये लावत असल्यासारखी जेमतेम फिरलेली असतात. पाहणाऱ्याला हिशेब सांगता येत नाही, पण काहीतरी चुकले आहे हे त्याच्या डोळ्याला कळते.

आणखी एक बारकावा असा की, कडेला उभे राहून कॅमेरा फिरवला, तर स्थिर असलेले सगळे काही, मग ते जवळचे गवत असो वा दूरचा डोंगर, जवळपास सारखेच धूसर होते, कारण धूसरता कॅमेऱ्याच्या फिरण्यातून आलेली असते. याउलट एका चालत्या गाडीतून दुसऱ्या गाडीचे छायाचित्र काढले, तर जवळचा रस्ता खूप ओढला जातो आणि दूरचा डोंगर जवळजवळ स्थिर राहतो. यांपैकी आपण कोणते छायाचित्र घडवत आहोत हे आधी ठरवावे. पहिल्या प्रकारात एक पार्श्वभूमी आणि एक फिल्टर पुरतो. दुसऱ्या प्रकारात पार्श्वभूमीचे दोन-तीन लेयर करून प्रत्येकाला वेगळी लांबी द्यावी लागते.

पार्श्वभूमीवर ब्लर लावण्याआधी त्या लेयरमधून गाडी पुसून टाकावी लागते. तसे न केल्यास लाल रंग दोन्ही बाजूंना ओघळतो आणि गाडीभोवती प्रभावळ दिसते. क्लोन टूलने आजूबाजूची झाडी आणि रस्ता तिथे भरणे पुरेसे असते. ते ओबडधोबड झाले तरी चालते, कारण पुढे सगळे ओढले जाणारच असते.

चाकांवर मी सर्वांत जास्त वेळ घालवला. गिंपचा सर्क्युलर मोशन ब्लर वर्तुळाकारच फिरवतो, आणि छायाचित्रातले चाक अगदी समोरून घेतलेले नसेल तर ते लंबवर्तुळाकार असते. म्हणून चाक वेगळ्या लेयरवर घेऊन, आडवे ताणून वर्तुळ करून, ब्लर लावून, पुन्हा दाबून मूळ आकारात आणावे लागते. या ठिकाणी नव्या आवृत्तीची मुख्य सोय कामाला येत नाही: फिल्टर लेयरवर वेगळा ठेवूनच चाक दाबले, तर तो दाबलेल्या आकारावर पुन्हा वर्तुळाकार फिरतो, त्यामुळे दाबण्याआधी त्याला लेयरमध्ये कायमचे मिसळावे लागते. मी ताणलेल्या चाकाची फिल्टरसह एक प्रत बाजूला लपवून ठेवतो, म्हणजे कोन बदलायचा झाल्यास तिथून सुरुवात करता येते. फोटोशॉपमधील स्पिन ब्लर लंबवर्तुळावर थेट काम करतो, आणि केवळ या एका बाबतीत तो निर्विवादपणे पुढे आहे.

चाकात काय फिरते आणि काय फिरत नाही, याकडेही लक्ष द्यावे लागते. आरे, टायरवरील अक्षरे आणि हवेचा व्हॉल्व्ह फिरतात. ब्रेकचा कॅलिपर (ब्रेकच्या चकतीला दोन्ही बाजूंनी दाबणारा भाग) मात्र चाकाबरोबर न फिरणाऱ्या भागाला जोडलेला असल्याने जागेवरच राहतो. धावत्या गाडीच्या खऱ्या छायाचित्रात फिरत्या आऱ्यांच्या पडद्याआड तो स्थिर दिसतो. मी कॅलिपरची तीक्ष्ण प्रत धूसर चाकावर ठेवली, लेयरची अपारदर्शकता निम्म्याहून कमी केली आणि चाक एकदम जिवंत झाले. तसेच चाकावर वरून पडणारा आकाशाचा उजेड आणि मडगार्डची सावली फिरत नाहीत. ब्लर लावल्यावर त्या पुसल्या जातात, म्हणून टायरच्या वरच्या भागावर सावली हाताने पुन्हा रंगवली. आणि चालकाच्या जागेवर कोणीतरी बसलेले असावे. रिकामी गाडी वेगाने धावत आहे असे दाखवणारी कितीतरी चित्रे मी पाहिली आहेत, आणि एकदा ती रिकामी खुर्ची दिसली की दुसरे काही दिसतच नाही.

पाऊस दाखवताना माझी पहिली चूक झाली. एका लेयरवर नॉइज (विखुरलेले बारीक ठिपके) घेऊन त्याला उभा मोशन ब्लर दिला, आणि सरी सरळ खाली पडताना दाखवल्या. चित्र खोटे वाटत होते, कारण कळेना. मग हिशेब केला. दोन मिलिमीटरचा थेंब सेकंदाला साधारण साडेसहा मीटर वेगाने पडतो, म्हणजे सेकंदाच्या साठाव्या भागात सुमारे ११ सेंटिमीटर. पण त्याच काळात गाडीबरोबर फिरणाऱ्या कॅमेऱ्यासमोरून तो १८.५ सेंटिमीटर मागेही सरकतो. म्हणजे गाडीजवळच्या सरी उभ्या दिसणारच नाहीत. त्या पुढून मागे, आडव्या रेषेशी सुमारे ३० अंशांचा कोन करून उतरतील. फिल्टर लेयरसोबत तसाच उभा होता, त्यामुळे कोन आणि लांबी हे दोनच आकडे बदलावे लागले. त्या एका क्षणी ही आवृत्ती बसवल्याचे मला मनापासून समाधान वाटले.

ओल्या रस्त्यावरील प्रतिबिंब ही तेवढीच नाजूक गोष्ट. गाडी उलटी करून खाली चिकटवली की झाले, असा समज आहे. परंतु गाडी थोडी तिरकी उभी असेल तर पुढचे आणि मागचे टायर चित्रात वेगवेगळ्या उंचीवर टेकतात, आणि एकच उलटी प्रत दोन्ही ठिकाणी जुळत नाही. बाजूचा भाग आणि पुढचा भाग वेगळे घेऊन, प्रत्येकाला शिअर टूलने (चित्र तिरके सरकवणाऱ्या साधनाने) आपापल्या टेकण्याच्या रेषेशी जुळवावे लागते. डांबराच्या खडबडीत पृष्ठभागामुळे प्रतिबिंब खालच्या दिशेला पसरते, म्हणून येथे ९० अंशांचा मोशन ब्लर हवा. शिवाय पाणी तिरप्या नजरेला जास्त आणि सरळ खाली पाहणाऱ्या नजरेला फारच कमी परावर्तन दाखवते. म्हणून लेयर मास्कवर (लेयरचा कोणता भाग किती दिसावा हे ठरवणाऱ्या आवरणावर) ग्रेडियंट, म्हणजे हळूहळू बदलणारी छटा, देऊन दूरचे प्रतिबिंब गडद आणि कॅमेऱ्याच्या पायाशी येणारे फिकट ठेवावे. ओले डांबर कोरड्यापेक्षा काळे दिसते, त्यामुळे रस्ताही थोडा गडद करावा लागतो. टायरजवळ, जिथे रबर जमिनीला टेकते तिथे, बारीक काळी सावली नसेल तर गाडी तरंगते.

हेडलाइटबद्दल थोडक्यात. प्रकाशाचा झोत हवेत दिसण्यासाठी धुके, धूळ किंवा पाऊस लागतो. स्वच्छ कोरड्या रात्री पांढरे शंकू रंगवू नयेत. हॅलोजन दिव्याचा प्रकाश पिवळसर आणि एलईडीचा बराच पांढरा असतो, तेव्हा गाडीच्या मॉडेलप्रमाणे रंग निवडावा. आपल्याकडे रस्त्याच्या डाव्या बाजूने वाहन चालवतात, म्हणून मंद झोत डाव्या कडेला थोडा वर उचललेला असतो. सोय म्हणून छायाचित्र आडवे उलटवले तर स्टिअरिंग आणि नंबरप्लेटबरोबर हेही उलटते.

आता मर्यादांकडे वळतो. गिंप स्वतः कॅमेऱ्याची रॉ फाइल (प्रक्रिया न करता साठवलेले मूळ छायाचित्र) उघडत नाही; त्यासाठी डार्कटेबल किंवा रॉथेरपी यांपैकी एक सोबत बसवावे लागते. दोन्ही मोफत आहेत आणि चांगली आहेत, पण नवशिक्याला एकाऐवजी दोन सॉफ्टवेअर शिकावी लागतात. फोटोशॉपमध्ये एका बटणावर गाडी निवडली जाते, तसे बटण येथे नाही. पाथ टूलने बिंदू बिंदू जोडत गाडीची कडा आखावी लागते, आणि आरसे, अँटेना व खिडक्यांच्या काचा धरून मला सव्वा तास लागला. मात्र पाथने आखलेली कडा गाडीच्या पत्र्यासारखी गुळगुळीत येते. काचांतून मागची झाडी दिसत असेल तर तिलाही ब्लर द्यायला विसरू नये.

संगणकाच्या क्षमतेचाही विचार करावा. दिवे आणि ब्लर यांच्यासाठी ३२ बिट फ्लोटिंग पॉइंटमध्ये (रंगांचे आकडे जास्त अचूकपणे साठवण्याच्या पद्धतीत) काम केल्यास उजेडाचे मिश्रण अधिक नैसर्गिक होते, पण २.४ कोटी पिक्सेलच्या चित्राचा एकच लेयर मग सुमारे ३८४ मेगाबाइट जागा घेतो. दहा लेयर झाले की आठ जीबी मेमरीची जवळपास निम्मी भरते. मी १६ बिट फ्लोटिंग पॉइंट वापरतो; त्यात जागा निम्मी लागते आणि डोळ्याला फरक जाणवत नाही.

कोणी घ्यावे, याबद्दल माझे मत स्पष्ट आहे. रोज वीस गाड्यांची छायाचित्रे तयार करून द्यावी लागणाऱ्या व्यावसायिकाने वेळेची किंमत धरून फोटोशॉपचे मासिक शुल्क भरावे. आठवड्याला एखादे चित्र जिवापाड मेहनतीने करणाऱ्याला गिंप ३.० मध्ये काहीही कमी पडणार नाही. जुन्या गाड्यांच्या विक्रीसाठी छायाचित्रे करणाऱ्यांना एक विनंती आहे: उजेड सुधारा, नंबरप्लेट झाका, पण हील टूलने पोचा आणि ओरखडे पुसू नका. एका विक्रेत्याने मला बंपरवरची भेग काढायला सांगितली होती. मी ते काम घेतले नाही.

सध्या माझ्यासमोर एका काकांच्या पांढऱ्या प्रीमियर पद्मिनीचे छायाचित्र आहे. सोसायटीच्या आवारात काढलेले हे चित्र त्यांना मरीन ड्राइव्हवर हवे आहे. गाडी कापून समुद्रासमोर ठेवायला अर्धा तास लागला. पण क्रोमच्या बंपरमध्ये आणि गोल व्हील कॅपमध्ये आवारातली गुलमोहराची फांदी, कुंपणाची भिंत आणि मी स्वतः कॅमेरा धरून उभा असलेला स्पष्ट दिसतो. कितीही मोठे फिल्टर आणले तरी ते प्रतिबिंब समुद्राचे होणार नाही. ते इंच इंच रंगवावे लागेल. काकांना मी सांगितले आहे की पावसाळा संपला की पहाटे गाडी घेऊन तिथेच जाऊ, आणि गिंपमध्ये फक्त चाके फिरवू.