ट्रस्ट नोंदणीचं ठोक पॅकेज: नंबरापुरतं उत्तम, डीडसाठी नाही

भजनी मंडळ असो की वाड्यातलं दत्तमंदिर, बडोद्यात ट्रस्ट करायचा म्हटलं की कुणीतरी सल्लागाराचं ठोक पॅकेज सुचवतोच. डीड म्हणजे ट्रस्टचा मूळ दस्तऐवज, शेड्यूल दोनचा म्हणजे नोंदणीचा अर्ज, चौकशीच्या तारखा आणि शेवटी पीटीआर (सार्वजनिक ट्रस्ट नोंदवही) नंबर. धावपळीचं काम ही मंडळी चोख करतात. ट्रस्ट झाल्यापासून ३ महिन्यांत अर्ज जायला हवा, तो जातो. जागामालकाचं संमतीपत्र, लाइट बिल हेही तेच मागून घेतात.

नावांकडे मात्र स्वतः बघा. इथल्या कागदांवर आडनाव आधी, आधारवर बहुधा शेवटी. एकच विश्वस्त दोन माणसं दिसला की फाइल अडते.

खरी गडबड उद्देशाच्या कलमात. तयार साच्यात शिक्षण, आरोग्य, गोसेवा, भजन, सगळं एका वाक्यात कोंबलेलं असतं. मग देवळाची दानपेटी नेमकी कशासाठी, यावर पुढे वाद. नित्यपूजा, उत्सव, पुजाऱ्याचं मानधन, डागडुजी हे वेगळं लिहून घ्या. विश्वस्तांची किमान-कमाल संख्या, मुदत, कोरम आणि निवडीची पद्धतही हवी. ती नसली की दोन गट दोन वेगळे फेरफार अर्ज (विश्वस्त बदलल्याची नोंद करायचे) घेऊन उभे राहतात.

‘सरकारमान्य धर्मसंस्था व्हा’ ही जाहिरात तर चक्क थाप. धार्मिक बाबी आपल्या आपण चालवायचा हक्क राज्यघटनेचा अनुच्छेद २६ देतो, पीटीआर नाही. त्याच अनुच्छेदात मालमत्तेचा कारभार मात्र ‘कायद्यानुसार’ म्हटलाय. १९५० चा मुंबईचा सार्वजनिक ट्रस्ट कायदा, आता गुजरातच्या नावाने, तिथे लागू होतो. १९५४ च्या रतिलाल गांधी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हिशेब-तपासणी मान्य केली, पण धर्मादाय आयुक्तालाच (ट्रस्टवर देखरेख करणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याला) धार्मिक ट्रस्टचा विश्वस्त नेमण्याची तरतूद रद्द केली.

नंबर आला की पॅकेज संपतं, आणि तुमचं काम तिथून सुरू. विश्वस्त बदलला तर ९० दिवसांत कळवायचं, दरवर्षी ऑडिट, जागा विकायला आधी परवानगी. देवळापुढचं दुकान ३ वर्षांहून जास्त भाडेपट्ट्याने द्यायलाही याच ट्रस्ट कायद्याच्या कलम ३६ ची परवानगी लागते. ‘आपलंच दुकान’ म्हणून ९ वर्षांचा करार केला तर तो टिकत नाही. पहिल्या वर्षाचं ऑडिट आणि एक फेरफार अर्ज पॅकेजमध्ये लेखी घालून घ्या. सल्लागार नाही म्हणाला, तर डीड वकिलाकडून लिहून घ्या आणि याला फक्त फाइल फिरवायचे पैसे द्या.