संधिपाद आधी की चिंबोरी आधी?

दहावीच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान भाग 2 मध्ये प्राण्यांच्या वर्गीकरणाचा धडा आला की दहा संघ (फायलम, म्हणजे प्राण्यांचे मोठे गट) आणि त्यांच्या पोटातले वर्ग एकदम मुलांच्या अंगावर येतात. सेमी इंग्रजीची मुलं तर प्लॅटिहेल्मिंथिस (चपट्या कृमींचा संघ) वाचतानाच अडखळतात. ऐरोलीत या मुलांना शिकवताना मी दोन्ही रस्ते धरून पाहिलेत. एक, नावाची फोड करून शिकवायचं. दुसरा, आधी प्राणी हातात द्यायचा आणि नाव मागाहून सांगायचं. यंदा पहिल्यांदाच हा धडा घेणाऱ्यांसाठी आणि घरी अभ्यास घेणाऱ्या आईबाबांसाठी दोन्हींचा अनुभव मांडते.

फोड करून शिकवण्यात वेळ फार वाचतो. एका तासिकेत बरेचसे संघ फळ्यावर येतात. पण सेमीच्या वर्गात विज्ञान इंग्रजीतून आहे म्हणून आपण मराठी संज्ञा लिहीतच नाही, आणि तिथेच मुलांचं नुकसान होतं. कारण मराठी संज्ञा हीच त्या नावाची फोड असते. ग्रीकमध्ये आर्थ्रॉन म्हणजे सांधा आणि पोडा हा तुकडा पायाचा, म्हणून आर्थ्रोपोडा म्हणजे संधिपाद. लॅटिनमध्ये मोलिस म्हणजे मऊ, म्हणून मोलस्का म्हणजे मृदुकाय. एकायनोडर्माटातला डर्मा म्हणजे कातडी. शेजारी कंटकचर्मी लिहिलं की ते लांबलचक नाव मुलांच्या तोंडी बसतं. स्पंज, पट्टकृमी असे जे प्राणी मुलांना सहसा बघायलाच मिळत नाहीत, त्यांच्यासाठी तर मला हाच मार्ग योग्य वाटतो.

मात्र फोड कधीकधी फसवते. उभयचर म्हणजे पाण्यात आणि जमिनीवर, असं शिकवलं की दिवा कोळीवाड्याकडची मुलं लगेच सांगतात, "मॅडम, निवटी!" मुलांचं निरीक्षण अचूक असतं. ओहोटीला खाडीच्या चिखलावर निवट्या सरपटताना त्यांनी लहानपणापासून पाहिलेल्या असतात. पण निवटीला कल्ले आहेत, पर आहेत, ती मत्स्य वर्गातली. कासव आणि मगर यांचंही तेच होतं. कोरडी, खवल्यांची त्वचा असलेले हे सरीसृप मुलं बिनदिक्कत उभयचरांत टाकतात. अशा वेळी मी मुलांना रागावत नाही. 1758 साली कार्ल लिनियसने आपल्या वर्गीकरणात सरीसृपांना उभयचरांतच घातलं होतं, हे त्यांना सांगते. मग प्रश्न आपोआप बदलतो: तो राहतो कुठे यापेक्षा त्याची त्वचा कशी, श्वास कशाने, अंडी कुठे? इंग्रजी नावांतल्या 'फिश'चाही असाच घोळ आहे. जेलीफिश, स्टारफिश, सिल्व्हरफिश आणि कटलफिश हे चार वेगवेगळ्या संघांतले प्राणी आहेत, आणि मासा त्यातला एकही नाही.

आता दुसरा रस्ता. बाजारातून आणलेली मेलेली चिंबोरी (खेकडा), थोडी कोळंबी, एखादं माकूल (स्क्विड) आणि मूठभर तिसऱ्या (शिंपल्यातले जीव). चिंबोरीचा एक पाय चिमटीत धरून मुलं एकेक सांधा वाकवून बघतात. दोन नांग्या, आठ पाय. मग कोळंबीचे चालायचे पाय मोजतात, तेही दहाच. झुरळाचे सहा, कोळ्याचे आठ. आकडा बदलला तरी सांधे सगळ्यांना. इतकं झाल्यावर फळ्यावर संधिपाद लिहिलं की अर्थ मुलंच सांगतात. एकदा एका मुलीने चिंबोरी उलटी करून पोटाखालची झडप दाखवली: नराची अरुंद, मादीची रुंद. घरात मासेविक्री असलेली ही मुलगी एरवी तोंड उघडत नसे. त्या दिवशी सगळा वर्ग तिच्याभोवती होता, आणि माझ्यासाठी या पद्धतीचं मोल त्यात आहे. माकूल चिरलं की आतून पारदर्शक, प्लॅस्टिकसारखी पट्टी निघते. तो कवचाचा उरलेला अवशेष. हे पाहिलं की माकूल आणि तिसऱ्या एकाच संघात कशा, हे वेगळं पटवावं लागत नाही.

तोटेही आहेत. दोन संघांना दोन तासिका जातात, वास राहतो, हात धुवायची सोय लागते. कोळंबी-खेकड्याची ॲलर्जी असलेल्या मुलांना लांब बसवावं लागतं, त्यामुळे आधी घरी विचारून घ्या.

देहगुहा (शरीरभित्ती आणि आतली इंद्रियं यांच्यामधली पोकळी), द्विस्तरीय-त्रिस्तरीय (शरीर किती पेशीस्तरांपासून बनलं ते), सममिती यांचं काय? यातली सममिती चिंबोरीवर दिसते, बाकी दोन मात्र ना फोडीने समजतात ना बाजारात. परीक्षेत "मी कोण?" प्रकारच्या प्रश्नांत नेमकं हेच विचारतात, आणि तिथे साधा तक्ताच कामाचा.

माझ्या मते सहा-सात तासिका हाताशी असतील तर पहिल्या दोन चिंबोरी आणि माकुलाला द्या, मग उरलेल्या संघांची फोड घ्या, तक्ता शेवटी. तीनच असतील तर फोडीने सुरुवात करा, पण उभयचरांच्या आधी निवटीचा फोटो नक्की दाखवा. पावसाळ्यात गांडूळ कुठेही मिळतं. भिंगातून त्याची वलयं मोजली की वलयी संघाचं काम पाच मिनिटांत होतं. शाकाहारी घरांतल्या मुलांसाठी मी वाळलेले शिंपले आणि रिकामे शंख एका डब्यात वर्षभर ठेवते. मृदुकाय शिकवायला तेवढे पुरतात.